काळी चारची बासरी

काही मुलं घरी अगदी शहाण्यासारखी वागतात आणि पाहुण्यांकडे गेली की ऐकेनाशी होतात. कुणाची ते विचारू नका, प्रत्येकाच्या घरात एक तरी असतं. पण एखादी बासरी असं करायला लागली तर काय म्हणायचं? केतकी सुतारची बासरी आजऱ्याहून निघाली तेव्हा नीट सुरात होती. मंगळावर पोचली आणि बेसूर झाली. मधल्या सात महिन्यांत तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. ती पेटीत, पेटी यानात, आणि यान अंतराळात, इतकाच काय तो तिचा प्रवास.

मंगळावर तेव्हा लालमाळ नावाची वसाहत होती. माणसं चारशे बारा आणि शाळेतली मुलं तेवीस. पहिलीपासून आठवीपर्यंतच्या सगळ्यांचा गाण्याचा तास एकत्रच व्हायचा. शिकवायला होते पेटीमास्तर. पेटीमास्तर हे यंत्रमानव होते आणि त्यांच्या पोटात खरीखुरी हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, बसवलेली होती. डाव्या हातानं ते स्वतःच्या पाठीवरचा भाता हलवायचे आणि उजव्या हातानं पोटावरच्या पट्ट्या दाबायचे. पहिलीतल्या मुलांना बरेच दिवस वाटत होतं की मास्तरांच्या पोटात दुखतंय.

पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारी माणसं आपला सा त्या पट्ट्यांवरून सांगतात. कुणाचा सा पांढरी एक, कुणाचा काळी दोन. लालमाळच्या मुलांचा सा होता काळी चार. त्या तेविसांतल्या केतकीनं तसं आबांना कळवलं होतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, धोंडिबा सुतार. आजऱ्यात गेली पंचेचाळीस वर्षं ते बासऱ्या करत होते. त्यांनी नातीसाठी बांबू निवडला, वाळवला, तापल्या गजानं त्याला भोकं पाडली आणि पेटीशी सूर मिळवून बासरी पाठवून दिली. वसाहतीत आलेलं ते पहिलंच फुंकायचं वाद्य होतं. तोवर तिथं पेटी होती, तबला होता, दोन एकताऱ्या होत्या.

त्या दिवशी बाकीची बावीसही मुलं केतकीभोवती कोंडाळं करून बसली. पेटीमास्तरांनी काळी चारची पट्टी दाबली. केतकीनं ओठ लावून सा वाजवला, आणि सगळ्यांनी एकदम कान झाकले. दोन सूर एकमेकांना नुसते ढकलत होते.

"केतकी, पुन्हा," मास्तर म्हणाले.

तिनं पुन्हा वाजवला. मग जोरात फुंकून पाहिलं, तर बासरी किंचाळली. हळू फुंकलं, तर नुसता वारा. मास्तरांनी काळी चार सोडून तिच्या शेजारची डावीकडची पांढरी पट्टी दाबली, आणि बासरी तिच्याशी अगदी चपखल बसली.

"ही पांढरी पाच," मास्तर म्हणाले. "बासरी बरोबर एक पट्टी उतरली आहे. कारागिराचा सूर चुकला असावा."

यंत्रमानव तसे सरळ असतात, पण त्यांना भिडेखातर गप्प बसणं जमत नाही. नवं वाद्य आलं की त्याचा अहवाल कारागिराला पाठवायचा, असा मास्तरांचा नियम होता. त्यांनी तो अहवाल, बासरीच्या आवाजासकट, त्याच दुपारी आजऱ्याला पाठवून दिला. केतकीला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या आठवड्यात मंगळाहून पृथ्वीवर निरोप पोचायला चौदा मिनिटं लागत होती आणि परत यायला चौदा. आबांचं उत्तर तासाभरात आलं.

"मास्तर, तुमचा निरोप पोचला," आबांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "बासरी एक पट्टी उतरलीया म्हणता. मी तीन डाव पेटीवर मिळवून बघितली हुती. मला बरोबर वाटली. म्हंजे माझा कान गेला. सत्तरी उलटली, जायाचाच की. केतके, तू वाईट वाटून घेऊ नगंस, तुझं फुंकणं चांगलं हाय. पर आजपतूर मी कुणाच्या पदरात खोटा सूर घातला नाही, आता बी घालायचा नाही. रविवारी लोहार येणार हाय. समदं गज त्याच्याकडं टाकतो आणि इळं करून घेतो. गवत कापाया काय कान लागत नाही."

आबांचा कान गेला, हे केतकीला खरंच वाटेना. गल्लीतल्या बायका नवा माठ घेतला की आधी आबांकडे आणायच्या. आबा टिचकी मारायचे आणि न बघता सांगायचे, "तळाला चीर हाय, परत कर." त्या कानावर आबांचं सगळं आयुष्य उभं होतं. आणि आज गुरुवार होता. म्हणजे हातात होते तीन दिवस.

ती तडक गाण्याच्या खोलीत गेली. पेटीमास्तर भाता पुसत बसले होते.

"मास्तर, आबांनी काय कळवलंय ते ऐकलंत ना? ते आता गज मोडणार आहेत."

"मी खरं तेच कळवलं," मास्तर म्हणाले. "पण परिणाम चांगला झाला नाही."

"बांबू प्रवासात फुगला असेल. किंवा लांब झाला असेल."

ही शंका मास्तरांना पटली. आबांनी बासरीबरोबर सगळी मापं लिहून दिली होती. मास्तरांनी बासरी मोजली. लांबी तीच, भोकांची अंतरं तीच, आतली पोकळीही तीच. केसाचाही फरक नव्हता. मग मास्तरांनी आणखी एक गोष्ट केली, जी खरं म्हणजे त्यांनी आधीच करायला हवी होती. त्यांनी ती मापं घेऊन गणित मांडलं. एवढ्या लांबीच्या बासरीतून कुठला सूर निघायला हवा?

"काळी चार," मास्तर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. "गणित म्हणतं काळी चार, फार तर किंचित कमी. कान म्हणतो पांढरी पाच. दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाहीत."

"म्हणजे आबांनी बासरी बरोबरच केली?"

"मापांवरून तरी तसंच दिसतं."

केतकीचा जीव थोडा भांड्यात पडला. पण नुसतं 'दिसतं' म्हणून आबा ऐकणार नव्हते. ती मास्तरांच्या छातीवरच्या पडद्यावर ते गणित बघू लागली. त्यात बासरीची लांबी होती, ती तर मोजलेलीच होती. आणि आणखी एक संख्या होती, तीनशे त्रेचाळीस.

"हे काय आहे?"

"ध्वनीचा वेग. आवाज हवेतून एका सेकंदात तीनशे त्रेचाळीस मीटर जातो."

"हे तुम्ही मोजलंत?"

"नाही. माझ्या पुस्तकात आहे."

"पुस्तक कुठलं?"

पेटीमास्तरांनी पुस्तकाचं पहिलं पान शोधायला पूर्ण तीन सेकंद घेतले. यंत्रमानवाचे तीन सेकंद म्हणजे आपली एक अख्खी दुपार.

"पृथ्वीवरचं," ते म्हणाले.

हवेचं काही विचारायचं असेल तर लालमाळमध्ये एकच ठिकाण होतं, हवाघर. तिथं डॉक्टर झुलेखा मुजावर वसाहतीसाठी श्वासाची हवा तयार करत. त्या मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या, आणि गप्पिष्ट. मुलं त्यांना हवामावशी म्हणत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर केतकी आणि पेटीमास्तर तिथं हजर झाले. हवामावशींनी सगळं ऐकून घेतलं, बासरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "केतकी, मला एक सांग. बासरीत वाजतं कोण?"

"बांबू."

"मग स्टीलच्या नळीची बासरी केली तर ती वाजणार नाही?"

"वाजेल की."

"आणि काचेची?"

केतकी विचारात पडली. कुठल्याही नळीची बासरी वाजते, तर मग नळी वाजत नसणार. नळीत असतं तरी काय? काहीच नसतं. म्हणजे काहीच नाही असं नाही.

"हवा वाजते," ती हळूच म्हणाली.

"शाबास. पेटीत पितळेची पातळ जीभ थरथरते. एकतारीत तार थरथरते. आपल्या गळ्यात स्वरतंतू (गळ्यातल्या दोन लवचीक पट्ट्या) थरथरतात. बासरीत थरथरायला दुसरं कुणीच नाही, त्यामुळे आतली हवाच ते काम करते. तू खो-खो खेळतेस ना? समज, बासरीची दोन टोकं म्हणजे खो-खोचे दोन खांब. तू फुंकलंस की हवेला धक्का बसतो. तो धक्का पळत दुसऱ्या खांबापर्यंत जातो, वळतो, परत येतो, पुन्हा जातो. एका सेकंदात अशा किती फेऱ्या होतात, त्यावर सूर ठरतो. त्या मोजणीला कंप्रता (एका सेकंदात होणारी कंपनं) म्हणतात. फेऱ्या जास्त तर सूर चढा, फेऱ्या कमी तर सूर उतरलेला."

"खांब जवळ आणले तर फेऱ्या वाढतील," केतकी म्हणाली. "म्हणून लहान बासरी चढी वाजते."

"बरोबर. आता खांब हलवायचे नाहीत. तरी फेऱ्या कमी झाल्या. का?"

"पळणारा दमला असेल."

"किंवा त्याच्या पाठीवर ओझं असेल," हवामावशी हसल्या. "बघ, पृथ्वीवरच्या हवेत बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजन. इथं मंगळावर मी हवा आणू कुठून? बाहेरच्या हवेतूनच काढते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा केला की मागे राहतात नायट्रोजन आणि आरगॉन (कशाशीही संयोग न पावणारा, जड आणि निरुपद्रवी वायू). त्यात मी ऑक्सिजन मिसळते. आपल्या दहा भाग हवेत तीन भाग आरगॉन असतो. त्याचे कण जड, त्यामुळे ते सावकाश हलतात. धक्का पुढं पोचवायला त्यांना वेळ लागतो."

"म्हणजे इथं आवाजच हळू पळतो?"

"मी म्हणते म्हणून मानू नकोस. मोजून बघ."

रोपवाटिकेकडे जाणारा बोगदा दीडशे मीटर लांब होता आणि त्याच्या टोकाला लोखंडी दार होतं. केतकीनं या टोकाला उभं राहून टाळी वाजवली. टाळी दारापर्यंत गेली, आपटली, परत आली. जाऊन येऊन तीनशे मीटर. पुस्तकाप्रमाणे सेकंदाचे शंभर भाग केले तर सत्त्याऐंशी भागांत ती परत यायला हवी होती. पेटीमास्तरांच्या कानांनी वीस वेळा मोजलं आणि वीसही वेळा उत्तर एक्याण्णवच्या आसपास आलं.

मास्तरांनी जुनी संख्या खोडून नवी घातली आणि बासरीचं गणित पुन्हा मांडलं. पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना.

"वेगातल्या या फरकानं सूर उतरतो खरा, पण पाऊण पट्टीच उतरतो. ही बासरी पूर्ण पट्टी उतरली आहे. पाव पट्टी कुठे गेली?"

आता हवामावशीही डोकं खाजवू लागल्या. मग त्यांनी विचारलं, "केतकी, आबा बासरी मिळवतात ती खोली कशी असते गं? थंड?"

"छे, चांगला उकाडा असतो. गज तापवायची शेगडी पेटलेली असते ना."

"सापडली पाव पट्टी," हवामावशी म्हणाल्या. "हवा तापली की तिचे कण चपळ होतात आणि आवाज जोरात पळतो. मास्तरांच्या पुस्तकातला वेग वीस अंशांचा आहे, आणि आबांच्या खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस अंश असेल. आपल्याकडे कायम अठरा. इथली हवा जडही आहे आणि गारही."

केतकीला इतका आनंद झाला की तिनं मास्तरांना मिठीच मारली, आणि पोटावरच्या चार पट्ट्या एकदम वाजल्या. आबांचा कान शाबूत होता. पण बोगद्यातून परत येता येता तिचा चेहरा पुन्हा उतरला.

"आबांना हे आकडे पटणार नाहीत," ती म्हणाली. "ते म्हणतील, नात आहे, म्हाताऱ्याची समजूत घालते. त्यांना फक्त ऐकलेलं पटतं."

"मग त्यांना ऐकवू या," हवामावशी म्हणाल्या.

हवाघरात एक दाबखोली होती, कपाटापेक्षा जरा मोठी. आत हवी ती हवा भरता येई. उपकरणं पारखण्यासाठी हवामावशींकडे पृथ्वीसारख्या हवेच्या टाक्याही होत्या. शनिवारी दुपारी केतकी आणि पेटीमास्तर त्या खोलीत दाटीवाटीनं बसले. हवामावशी बाहेर काचेपाशी उभ्या राहिल्या.

"आबा, मी केतकी," रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ती म्हणाली. "बासरी तुमचीच आहे. मास्तर काळी चार धरून ठेवणार आहेत. मी सा वाजवत राहणार आहे. मधे काही बदलणार नाही, फक्त खोलीतली हवा बदलेल. ऐका."

मास्तरांनी काळी चार धरली. केतकीनं सा लावला. पुन्हा तेच, दोन सूर एकमेकांना ढकलणारे, कानाला टोचणारे. हवामावशींनी झडप उघडली. लालमाळची हवा एका बाजूनं बाहेर जाऊ लागली आणि पृथ्वीची दुसऱ्या बाजूनं आत येऊ लागली. केतकी श्वास घ्यायची आणि पुन्हा तोच सा लावायची. बोटं तिथंच, फुंकर तेवढीच. आणि सूर हलला. आधी तिला भास वाटला. पुढच्या श्वासाला तो आणखी वर सरकला, मग आणखी. दोन सुरांमधली थरथर संथ होत गेली. मग बाहेरून हवामावशींनी खोली तापवायला घेतली. केतकीच्या कपाळावर घाम आला. थरथर आणखी संथ झाली, आणखी संथ, आणि एका श्वासाला ती उरलीच नाही. बासरी आणि पेटी एक झाल्या. कुठला सूर कुणाचा, हे सांगता येईना. केतकीला रडू यायला लागलं होतं, पण फुंकताना रडता येत नाही, म्हणून ती तशीच वाजवत राहिली.

निरोप गेला. अठ्ठावीस मिनिटं झाली. एक तास झाला. संध्याकाळ झाली तरी आबांचं उत्तर नाही. केतकीनं दोनदा यंत्र तपासलं, ते ठीक होतं.

रविवारी वसाहतीचा वर्धापनदिन होता आणि मुलांचं गाणं व्हायचं होतं. सकाळच्या तालमीला केतकी बासरी न घेताच आली.

"मी टाळ वाजवते," ती म्हणाली. "माझी बासरी काळी चारशी जुळत नाही."

"सगळ्यांची माफी मागून एक सांगतो," पेटीमास्तर म्हणाले. "बासरी हवेशी भांडू शकत नाही. पण आपण सा बदलू शकतो. आज सगळ्यांनी पांढरी पाचमध्ये गायचं."

तेवीस गळ्यांना एक पट्टी खाली यायला काहीच त्रास झाला नाही. आठवीतल्या मुलांना तर ते बरंच वाटलं, त्यांचे आवाज नाहीतरी फुटायला लागले होते. केतकी धावत जाऊन बासरी घेऊन आली. पहिली ओळ सुरू झाली, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच बांबूचा आवाज बाकीच्या आवाजांत मिसळला. तालीम संपता संपता हवामावशी दारात आल्या. त्यांच्या हातात आबांचा निरोप होता.

"केतके," आबांचा आवाज आला, "काल तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. वाटलं, पोरं म्हाताऱ्याची समजूत काढाया लागल्यात. म्हणून काय बोललो नाही. आज सकाळच्या गारठ्यात अंगणात बसून बासरी फुंकली. मग तीच बासरी शेगडीपाशी बसून फुंकली. चढली की गं. थंडीच्या दिसांत गिऱ्हाइकाला मीच सांगायचो, बासरी आधी काखंत धर, ऊब दे, मग वाजीव. पंचेचाळीस वर्सं सांगत आलो. पर आतली हवा वाजती म्हणून तसं हुतं, हे मला माझ्या नातीनं शिकवलं."

मागे कुठं तरी चर्र आवाज झाला. केतकीनं तो लगेच ओळखला. तापलेला गज ओल्या चिंधीला टेकला की तसा आवाज होतो.

"लोहार आला हुता," आबा पुढे म्हणाले. "त्याला चा पाजला आणि लावून दिला. मास्तर, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्ही ऐकलं तेच सांगितलं. आता हितं एक पट्टी चढी, पांढरी सहात बासरी मिळवतो, म्हंजे तिथं ती काळी चारला उतरंल. एक नाही, तेवीस करतो. समद्या पोरांच्या बोटांची मापं धाडा, भोकं त्या बेतानं पाडतो. आणि हितनं फुडं कोण दुसऱ्या कुठल्या ग्रहावर ऱ्हायाला जाणार असंल, तर त्याला म्हणावं, आधी तिथली हवा इचारून घे, मग मला सूर सांग."

पेटीमास्तरांनी आपलं पुस्तक उघडलं आणि त्यातल्या प्रत्येक संख्येपुढे 'कुठे मोजली?' असा एक नवा रकाना आखायला घेतला. केतकीनं दोरा शोधून आणला आणि पहिलीतल्या मुलांपासून बोटं मोजायला सुरुवात केली.